मदत हवी आहे: फोर्ड मस्टँगला स्नो टायर २३५ की २५५?

नोव्हीकर: मंडळी, जरा लवकर सांगा, शनिवारी दुकानात जायचंय. आत्ता २५५ मिमी रुंदीचे आहेत. दुकानदार म्हणतो २३५ घ्या, मित्र म्हणतो टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. "गाडी घरीच ठेवा" हा सल्ला नको, दुसरी गाडी नाही.

खवचट_काका: गाडी कुठल्या साली घेतलीत, राहता कुठे, मागेही २५५च का? की हे आम्ही पत्रिका मांडून ओळखायचं?

नोव्हीकर: २०१९ची जीटी, मिशिगन. मागे २७५ लिहिलंय. त्याने काय फरक पडतो?

हिमगौरी: पडतो ना! पुढे २५५/४० आर १९ (२५५ मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, रिम १९ इंची), मागे २७५/४० आर १९, म्हणजे परफॉर्मन्स पॅकेज, कंपनीचा मोठे ब्रेक आणि रुंद टायरवाला जादा संच. मूळचेच असतील तर ते उन्हाळी टायर. ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते रबर कडक होतं, मग रुंदी काहीही असो. कडाक्याच्या थंडीत गाडी नुसती हलवली तरी तडे जाऊ शकतात.

आता रुंदी. ताज्या, भुसभुशीत बर्फात रुंद टायर समोरचा बर्फ ढकलत बसतो, अरुंद टायर तो कापून खाली उतरतो. चारही चाकांना २३५/५० आर १८ घ्या. बिनपॅकेजच्या जीटीला कंपनी हेच माप देते. व्यास ६९२ मिमी, तुमच्या पुढच्या ६८७ आणि मागच्या ७०३च्या मधला.

रॅलीवेडा: +१. स्वीडनच्या रॅलीतले टायर बघा, सायकलचे वाटतात!

क्युबेकवासी: अहो, त्यांना खिळे असतात, ते बर्फात रुततात. गाड्यांनी दाबून काच केलेल्या बर्फावर अरुंदपणाचा काही उपयोग नाही, तिथे रबर आणि त्यातल्या बारीक चिरा काम करतात. आमच्याकडे १ डिसेंबर ते १५ मार्च स्नो टायर सक्तीचे आहेत, रुंदी कोणी विचारत नाही. चांगले २५५ फालतू २३५पेक्षा केव्हाही बरे.

रॅलीवेडा: मग आइसलँडवाले एवढाले टायर का लावतात?

क्युबेकवासी: ते हवा कमी करून खोल बर्फावर तरंगत जातात. हे ऑफिसला निघालेत.

सुबारूभक्त: विका आणि सुबारू घ्या. चारही चाकांना जोर.

हिमगौरी: निघायला. थांबताना काय करणार?

मुठाकाठ: आम्ही मनालीला चेन लावली होती. ड्रायव्हरने बोटं गोठेस्तोवर बांधली आणि पुढच्या वळणावर तुटली. तिथली मॅगी मात्र...

नोव्हीकर: कृपया फक्त आकडा सांगा!!

गॅरेजवाला_भाऊ: २३५, पण रिम बघून. तुमच्या पॅकेजला पुढचे ब्रेक मोठे असतात, १८ची प्रत्येक रिम त्यावर बसेलच असं नाही. टायर चढवण्याआधी नुसती रिम पुढे लावायला सांगा, नट आवळून हाताने फिरवा आणि कॅलिपरला (ब्रेक आवळणाऱ्या भागाला) कुठे टेकते का बघा. नाहीच बसली तर १९वर चारही २५५/४०, तेही चालतात.

खवचट_काका: आणि हवा तपासा. पारा १० फॅरनहाइट उतरला की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.

नोव्हीकर: जाऊन आलो. पहिली रिम कॅलिपरवर खर्रकन घासली, दुसऱ्या डिझाइनची बसली. २३५ घेतले. बर्फ अजून पडलेला नाही.

सुबारूभक्त: जुने २७५ विकणार असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. भावासाठी हवेत.