मदत हवी आहे: आरशावर बसलेला थर तापवून कधी जातो, कधी जात नाही?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी ‘कक्षेत यानाच्या पृष्ठभागांवर बसणारी घाण’ हा विषय घेतलाय. यानातला गोंद, रंग, वायरींची आवरणं, इन्सुलेशन यांतून निर्वातात वाफा सुटत राहतात आणि थंड जागा दिसली की तिथे जाऊन बसतात, इथपर्यंत समजलं. पण दोन उदाहरणांचा मेळ बसत नाही.

युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेली. नोव्हेंबरमध्ये लक्षात आलं की ताऱ्यांचा प्रकाश कमी भरतोय. कारण आरशावरचा बर्फाचा थर, तोही नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ. मार्च २०२४ मध्ये एक आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंश सेल्सिअसवर आणला आणि जवळजवळ लगेच १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला. फक्त ३४ अंशांत!

उलट नासाचा एलडीईएफ, म्हणजे अवकाशात वेगवेगळ्या पदार्थांवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठीचा उपग्रह. एप्रिल १९८४ मध्ये सोडला, जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया शटलने परत आणला. त्याच्यावर जागोजागी तंबाखूच्या डागासारखा तपकिरी थर होता. इतकी वर्षं ऊन खाऊनही तो उडून का गेला नाही?

शिवाय चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या एसीआयएस कॅमेऱ्याच्या फिल्टरवर थर वाढतोय हे माहीत असूनही तो तापवला नाही. असं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं, सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.

– कोजागिरी

प्रतिसाद १

कोजागिरी, प्रश्न छान आहे. एलडीईएफवरचा थर गेला नाही तो उन्हामुळेच.

युक्लिडचं आधी बघू. बर्फाचे रेणू आरशाला नुसते चिकटलेले असतात, रासायनिक बंध नसतो. ते सुटण्याचा वेग तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. संप्लवनाची (बर्फाची थेट वाफ होण्याची) ऊर्जा ५१ किलोज्यूल प्रति मोल धरा, १२६ केल्विन आणि १६० केल्विन (म्हणजे तेच उणे १४७ आणि उणे ११३ अंश) घालून स्वतः गणित करा. वेग साधारण ३० हजार पटींनी वाढतो. म्हणजे जो थर जायला महिने लागले असते तो काही मिनिटांत जातो. हे गणित सेमिनारमध्ये फळ्यावर करून दाखवाच, लोकांना पटकन पटतं. अख्खी दुर्बीण तापवली असती तर धातू प्रसरण पावून आरशांची जुळणी बिघडण्याची भीती होती, म्हणून एकेक भाग घेतला.

एलडीईएफवर सिलिकोन आणि हायड्रोकार्बनच्या वाफा होत्या. सूर्याचे अतिनील किरण पडले की हे रेणू एकमेकांत गुंफून पॉलिमर होतात. मग तो थर तापवून निघत नाही, आणि काळवंडल्यामुळे ऊन जास्त शोषतो. सिलिकोनवर अणुरूप (सुट्या अणूंच्या रूपातल्या) ऑक्सिजनचा मारा झाला की त्याची सिलिका होते, म्हणजे काचच. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पांढऱ्या रंगावर किंवा सौरपॅनेलवर असा थर बसला, तर नुकसान कायमचं.

चंद्राचा फिल्टर अतिशय पातळ आहे. तापवताना तो फाटला तर कॅमेराच धोक्यात. आणि सुटलेली वाफ दुसऱ्या एखाद्या थंड भागावर बसणार नाही याची खात्री कोण देणार? फायद्यापेक्षा धोका मोठा ठरला.

प्रतिसाद २

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहाचं उदाहरण जरूर घ्या. त्यातल्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीच्या कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. उड्डाण २८ सप्टेंबर २०१५ ला झालं, पण दुर्बिणीची दारं उघडली ३० नोव्हेंबरला. तोवर उपग्रहातल्या वाफा निघून जाऊ दिल्या. अतिनील प्रकाशाला तर नखभर थरही पुष्कळ होतो.

कोजागिरी

दोघांचेही मनापासून आभार! ३० हजार पटींचं गणित आत्ताच करून पाहिलं, जुळलं. एकच शंका उरली: दारं बंद असताना दुर्बिणीच्या आतल्याच गोंदाच्या वाफा कुठून बाहेर पडतात?