धोतर चालणार नाही, काका: क्लबच्या दारातले अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या साहेबांच्या मुलीचं रिसेप्शन दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या क्लबात होतं. बाबा तेव्हा माझ्याकडे आले होते. "त्यांनाही घेऊन या," असं साहेबांनी दोनदा सांगितलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सांगलीकडच्या शाळेत मास्तर होते. पांढरा नेहरू शर्ट, करवतकाठी धोतर, पायात वहाणा. निरी स्वतः घातलेली, एक चुणी इकडची तिकडे नाही.

दारावरचा माणूस खाली बघूनच म्हणाला, "धोतर चालणार नाही, काका." मग मॅनेजर आला. तो अगदी नम्र होता, त्यामुळे भांडताही येईना. त्याने आतून एक काळी पँट आणली. अशा वेळेसाठी ठेवलेलीच असते म्हणे. कमरेला रबर, कोणालाही बसेल अशी. बाबांनी ती हातात घेतली, कापड चाचपलं, घडी घातली आणि परत दिली. "दुसऱ्याची विजार घालून पंगतीला बसायचं वय गेलं माझं."

जाताना त्यांनी त्या दारवानाकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर तुऱ्याचा केशरी फेटा, कमरेला शेला.
"फेटा छान आहे. रोज कोण बांधून देतं रे?"
"बांधायचा नसतो काका, तयार येतो. टोपीसारखा घालायचा."

आम्ही चर्चगेटला येऊन वडापाव खाल्ला. बाबा झोपले, मला झोप लागली नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला कुठे अडवलं, तुम्ही काय केलंत, ते लिहा. क्लबाच्या बाजूचं कोणी असेल तर त्यांनीही लिहा. फक्त ज्या जागेशी तुमचं स्वतःचं बिनसलं तिचं नाव नको.

*

आम्ही चेन्नईत वीस वर्षं आहोत. इकडे धोतराला वेष्टी म्हणतात आणि ती रोजच्या वापरात आहे, सणापुरती नाही. तरीही माझे शेजारी (तमिळ, वकील) क्लबात जाताना गाडीच्या मागच्या सीटवर पँट ठेवायचे. 'क्लब पँट' असंच नाव होतं तिचं.

जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंतामन एका पुस्तक प्रकाशनाला तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात वेष्टी नेसून गेले आणि त्यांना आत सोडलं नाही. विधानसभेत गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये जयललिता सरकारने कायदाच केला. वेष्टी किंवा कुठल्याही भारतीय पारंपरिक पोशाखामुळे क्लब, संस्था, ट्रस्ट यांना प्रवेश नाकारता येत नाही. नाकारला तर एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजारांपर्यंत दंड, शिवाय परवाना जाण्याची भीती. शेजाऱ्यांच्या गाडीतली पँट त्या दिवाळीत ड्रायव्हरला गेली.

पण कायदा तमिळनाडूपुरता आहे. आणि अडवलेला माणूस न्यायाधीश होता म्हणून महिन्याभरात झाला. तुमच्या बाबांसाठी कोण विधानसभा बसवणार?

*

माझं धोतराचं नाही, चपलेचं. बऱ्याच क्लबांत कुडता-सुरवार चालते, पण पायताणाला मागे पट्टा पाहिजे. कोल्हापुरीला कुठून आणायचा पट्टा? अस्सल कापशी होती, करकर वाजणारी. मित्राने गाडीत पडलेली पायजम्याची नाडी काढली, दोन तुकडे केले आणि टाचेमागून घेऊन घोट्याला गाठ मारली. दारावरच्याने खाली पाहिलं, वर पाहिलं, "चालेल" म्हणाला. रात्रभर नाडी बांधलेल्या चपलेने मी त्या गालिच्यावर हिंडलो, नियमात बसून!

चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेबांची गोष्ट आठवतच असेल. १९८८ साली अनवाणी आले म्हणून मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने त्यांना जेवू दिलं नव्हतं. त्यांच्या पायाला नाडीसुद्धा बांधता आली नसती. गंमत म्हणजे हाच क्लब लॉर्ड विलिंग्डनने १९१७ च्या सुमारास काढला तो गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता म्हणून.

*

यजमान नौदलात होते, नुकतेच निवृत्त झाले. मेसमध्ये पुरुषांना कुडता-पायजमा वर्ज्य होता. आमच्या लग्नानंतर सासरे कारवारला आले तेव्हा मेसमधल्या जेवणाला एकटे घरी राहिले. सासूबाई काठापदराच्या साडीत आल्या, त्यांना कोणी काही म्हणालं नाही. बायकांच्या साडीला सगळीकडे 'ग्रेसफुल' म्हणतात आणि पुरुषाच्या धोतराला अडवतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा खटकलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलाने कुडत्याला परवानगी दिली. पण नौदलच ते! कुडता एकरंगी, गुडघ्यापर्यंत, बाहीला कफ आणि कफाला बटणं. पायजमा निमुळता, कमरेला इलॅस्टिक, बाजूला खिसे. वर बिनबाह्यांचं जाकीट आणि त्याला जुळणारा खिशातला रुमाल. आमचा शिंपी विचारत होता, "ताई, हा कुडता आहे की शर्ट?" यजमानांनी हौसेने शिवून घेतला. सासरे तोवर गेले होते. आणि असते तरी त्यात धोतर नाहीच.

*

आजीबद्दल लिहिते. १९८० च्या आसपास ती मलबार हिलला एका घरी मूल सांभाळायची. नऊवारी नेसायची. ते कुटुंब क्लबात गेलं की मूल आत आणि आजी पार्किंगजवळच्या बाकावर. आयांनी पुढे येऊ नये अशी पाटी होती. आजीला वाचता येत नव्हतं, पण पाटी कशाची आहे ते कळत होतं.

मूल जेवेना, म्हणून बाईंनी तोडगा काढला. पांढरा सलवार-कमीज शिवून दिला, कारण 'तसे कपडे' असले की आया पोहण्याच्या तलावापर्यंत चालत होती. झालं काय, की आजीला त्या कपड्यांत करी रोडला उतरायची लाज वाटायची. चाळीतल्या बायका काय म्हणतील? मग ती क्लबाच्या नोकरांच्या संडासात कपडे बदलायची. पिशवीत नऊवारी, आणि नळाखालची ओली फरशी. नऊ वार लुगडं तिथे कसं नेसायचं? आधी काष्टा घालून घ्यायची आणि पदर दारावर टाकायची, म्हणजे तेवढा तरी कोरडा राहील. हे ती आम्हाला हसत हसत करून दाखवायची.

२०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबात मेघालयातल्या एका खासी बाईंना जेवणाच्या टेबलावरून उठवलं. त्यांच्या अंगावर जैनसेम हा खासी पोशाख होता, आणि त्या मोलकरणीसारख्या दिसतात असं सांगण्यात आलं. बातमी आजीला वाचून दाखवली. तिने एवढंच विचारलं, "ताटावरून उठवलं? अर्ध्या जेवणातून?"

*

शिव्या पडतील, तरी लिहितो. एका क्लबाच्या समितीवर मी सहा वर्षं होतो. नियम इंग्रजांच्या काळचे, हे खरं. पण आज ते टिकवून धरणारे साहेब नाहीत, आपलेच लोक आहेत, आणि त्यांना भीती धोतराची नाहीच. त्यांना भीती बर्म्युडा आणि रबरी सपातांची. वार्षिक सभेत मी 'धोतर चालावे' असा ठराव मांडला. एक ज्येष्ठ सभासद उठले: "आज धोतर, उद्या लुंगी." मी म्हटलं, दोन्हीत फरक आहे. ते म्हणाले, "दारावरच्या पोराला तो कळेल का?" मला चटकन उत्तर सुचलं नाही आणि ठराव पडला. खरं सांगायचं तर लुंगीत वाईट काय, हे म्हणायची हिंमत माझ्यातही नव्हती.

आणि एक. केरळात पद्मनाभस्वामीच्या देवळात पँट चालत नाही, मुंडू, म्हणजे तिकडचं धोतर, नेसावा लागतो. २०२५ पासून सिद्धिविनायकालाही पोशाखाचे नियम आले. तिथे आपण निमूट मागे फिरतो.

*

समितीवाल्या काकांना: देवळात नेसायला मुंडू मिळतो, आणि तो नेसून माणूस आतल्या सगळ्यांसारखाच दिसतो. रबरवाली काळी पँट घातलेला माणूस आत गेल्यावर कसा दिसतो, ते पाहिलंय का कधी?

*

फोंड्याहून. क्लब तर कालपरवाचे. आमच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनच्या (धर्मन्यायालयाच्या) १७३६ च्या फर्मानात बाटलेल्या पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी घालायची बंदी होती. कपड्यावरून माणूस ओळखायचा रोग जुना आहे.

*

एडिंबरात शिकत होतो. विद्यापीठातल्या जेवणाच्या निमंत्रणावर 'सूट किंवा राष्ट्रीय पोशाख' असं छापलेलं. सूट नव्हता, म्हणून मुंजीतलं सोवळं सोडून जे होतं ते, म्हणजे आजोबांचं धोतर, नेसून गेलो, वर जाकीट. यजमान स्वतः किल्टमध्ये (तिकडच्या पुरुषांचा घागरा), गुडघे उघडे. दारावरच्या आजोबांनी एकच प्रश्न विचारला: "आत थंडी नाही ना वाजत?" पुढचा अर्धा तास आम्ही दोघं वाऱ्याच्या दिवशी काय काय होतं यावर बोलत होतो.

पुण्यात परत आल्यावर तेच धोतर एका ठिकाणी चाललं नाही. कुठे ते लिहीत नाही, धाग्याचा नियम आहे.

*

बंगळुरात जुलै २०२४ मध्ये सिनेमा बघायला आलेल्या एका शेतकऱ्याला धोतरामुळे मॉलमध्ये सोडलं नव्हतं. सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. तो तर क्लबही नव्हता, चार दुकानं आणि एक सिनेमा.

*

धागाकर्ता. काल रात्री बाबांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या आजींच्या परिच्छेदाला त्यांनी थांबायला सांगितलं, चष्मा पुसला, म्हणाले, पुन्हा वाच. समितीवाल्यांवर ते चिडले नाहीत. "उत्तर सुचलं नाही असं कबूल करतोय, चांगला आहे."

मग दिवा मालवल्यावर अंधारातून म्हणाले, "त्या बोटीवाल्यांच्या पायजम्याला रबर आहे म्हणालास ना?"
"हो."
"म्हणजे नाडी उरली. त्या कोल्हापुरीवाल्याला पाठवून द्या म्हणावं."