मदत हवी आहे: इलेक्ट्रिक कुकरमध्ये इंद्रायणीचा मसालेभात

नवीन ६ लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आलाय आणि रोज काहीतरी करून बघायचा सपाटाच लावलाय! वरण, छोले, दही, सगळं झकास. अडलंय मसालेभातावर. तांदूळ मावळातला नवा इंद्रायणी. कुकरच्या भांड्यातच फोडणी करून तोंडली, तांदूळ परतते, दीडपट पाणी घालून हाय प्रेशरला ५ मिनिटं लावते. वर गिच्च गोळा, तळाशी गोडा मसाला करपलेला आणि मध्येच कुकरवर ‘बर्न’ (तळ करपतोय असा इशारा) दिसतं. पाणी कमी केलं तर ‘बर्न’ आणखी लवकर येतं. आत वेगळं भांडं ठेवून साधा भात मोकळा होतो, पण मसालेभाताला फोडणीची चव उतरत नाही. तांदूळ बदलायचा नाही, घरी इंद्रायणीच लागतो. पुण्यात कुणी असाच करत असेल तर सांगा: नव्या इंद्रायणीला पाणी किती, मिनिटं किती, आणि वाफ लगेच सोडायची की आपोआप जिरू द्यायची?