जिनिंगच्या ऑफिसातला मेल आणि डेटा: दोन डिस्कचा नास पुरेल का?

सरकी_ढेप:
राजेहो, सल्ला पाहिजे. पांढरकवड्याकडे आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, जिनिंग-प्रेसिंगचं काम. दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू झाली की ऑफिसात श्वास घ्यायला सवड नसते. काटापावत्या आणि टॅली एकाच जुन्या पीसीवर. मेल स्वतःच्या डोमेनचा, पण आऊटलुकमध्ये पीओपीनं (मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) त्याच पीसीवर उतरतो. गाठींचे सौदे सगळे मेलवर. परवा लाईटनं आली-गेली, आली-गेली केलं, तेव्हापासून हार्ड डिस्क कटकट वाजते. संचालक म्हणतात, दोन डिस्कवाला नास (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांनी वापरायची साठवणीची पेटी) घ्या आन् विषय संपवा. संपते का?

बोंडअळी_विरोधक:
आधी त्या कटकट वाजणाऱ्या डिस्कवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा, मग हा धागा वाचा.

नास घ्याच, रेड १ लावा, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा लिहिला जातो. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. पण तो बॅकअप नव्हे. पोरानं चुकून फोल्डर उडवलं तर त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून उडतं, आणि रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) कुलूप लावताना डिस्क मोजत बसत नाही. म्हणून नासमध्ये स्नॅपशॉट (फायलींची त्या-त्या वेळची जपलेली स्थिती) चालू करा, एक प्रत क्लाउडवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ती डिस्क कॉपी झाली की काढून दुसऱ्या जागी न्यायची, कायम लावून ठेवायची नाही. नासच्या डिस्का शक्यतो वेगवेगळ्या लॉटच्या घ्या. आणि डिस्क गेल्याची सूचना कोणाच्या मोबाइलवर येईल ते आत्ताच ठरवा. नाही तर एक मेलेली कोणाला कळत नाही, आणि दुसरी गेली की बोंब होते.

वऱ्हाडी_वायर:
डिस्कच्या आधी लाईटचं पाहा भाऊ. यूपीएस असा घ्या ज्याची यूएसबी वायर नासले लागते. बॅटरी उतरली की नास आपणहून नीट बंद होते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडते, त्यात पाणी टाकत जा. मीटरनं न्यूट्रल आन् अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या, दोन-तीनच्या वर दिसले तर वायरमनले बोलवा.

आन् वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत लॅन केबल उघड्यावरून आणली असन तर ती काढा. जवळ वीज पडली की झटका त्या तांब्यातून सरळ स्विचमध्ये येते. तिथं फायबर टाका, दोन्ही टोकाले मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबल आन् फायबर जोडणारी डबी). काचेतून करंट जात नाही.

सरकी_ढेप:
केबल उघड्यावरच आहे! मेलचं काय? एकानं सांगितलं की मेल सर्व्हर ऑफिसातच बसवा.

हिशेबाची_वही:
कायले? लाईट तुमची, लाईन तुमची, म्हणजे बंद पडायची सगळी कारणं घरातच. मेल होस्टिंगवरच राहू द्या, फक्त पीओपी सोडून आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) करा, म्हणजे मूळ प्रत सर्व्हरवर राहील. जुने मेल मात्र पीसीवरच्या पीएसटी फाइलमध्ये (आऊटलुक मेल जिथं साठवतं ती फाइल) अडकलेत, ती फाइल आधी सांभाळा. सर्व्हर काही तास बंद असला तरी आलेला मेल सहसा हरवत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आरएफसी ५३२१ (मेल पाठवण्याचं इंटरनेटचं मानक) प्रमाणे हार मानण्याआधी त्यानं किमान ४-५ दिवस प्रयत्न करायला हवा.

खरा धोका डोमेनचा. नूतनीकरणाची आठवण त्याच डोमेनच्या मेलवर येत असेल, तर डोमेन संपल्यावर इशाराही बंद. तिथं वेगळा पत्ता द्या. पासवर्ड आणि ओटीपी एकाच पोराच्या मोबाइलवर नकोत, तो पुण्याला नोकरीला गेला की तुम्ही बसा.

तुम्ही कंपनी आहात, म्हणून हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो. २०२२ मध्ये नियमात 'वेळोवेळी'चं 'रोज' झालं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे. सीएला विचारून घ्या.

सरकी_ढेप:
आमच्याकडे नेट असं की जेसीबी कुठंही खोदतो आन् फायबर तुटते. क्लाउडवर कसं चढवू?

बोंडअळी_विरोधक:
पहिली पूर्ण प्रत रात्री हळूहळू चढू द्या, नंतर रोज फक्त बदललेलं जातं. दोन लाईनचा राऊटर घेऊन दुसरीकडे सिमचं डोंगल लावा. दोन्हीकडे फायबर घेतलं तर दोन्ही त्याच खड्ड्यातून यायची.

हिशेबाची_वही:
एक राहिलं. टॅली चालू असताना डेटा फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट फाइल येते. सगळ्यांना बाहेर काढून टॅलीतूनच बॅकअप घ्या, आणि दुसऱ्या पीसीवर तो रिस्टोअर करून मागच्या महिन्याची एखादी काटापावती उघडते का ते पाहा. आवक सुरू व्हायच्या आधी.