पोलिंगच करायचं असेल तर कर्नल कशाला आहे?

कोथरूडकर: फाइल बदलली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आयनोटिफायतर्फे प्रोग्रामला कळवतो; पोलिंग म्हणजे आपणच पुन्हा पुन्हा तपासत बसणं. काल इथे कुणीतरी लिहिलं, "आयनोटिफाय बेभरवशाचं. दर पाच सेकंदांनी सगळं फोल्डर चाळा, विषय संपला." नाही संपत. लाखभर फायलींना स्टॅट मारत (एकेकीची माहिती विचारत) बसलात तर काहीही बदललेलं नसताना सीपीयू जळतो. बदल कर्नलच्या हातूनच होतो, तर त्यानंच सांगावं. आधीच्या डीनोटिफायच्या काळात प्रत्येक डिरेक्टरी उघडी धरावी लागे, त्यापायी पेनड्राइव्ह अनमाउंट होत नसे. २००५ साली कर्नल २.६.१३ मध्ये आयनोटिफाय आलं आणि ती कटकट गेली. आता पुन्हा मागे जायचं?

रात्रपाळी: ते मीच लिहिलं. आयनोटिफायची रांग मुळात १६,३८४ घटनांची. भरली की ओव्हरफ्लो, म्हणजे पुढच्या घटना गळतात, आणि काय हुकलं ते कळत नाही. मग चाळावंच लागतं ना? हिंजवडीत असताना एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या) फोल्डरमध्ये दुसरं मशीन फायली टाकत होतं आणि आमचं आयनोटिफाय ढिम्म. अख्खी रात्र गेली.

कोथरूडकर: ते लिखाण तुमच्या कर्नलमधून गेलंच नाही. तो सांगणार कुठून?

आठहजारी: खरा छळ वेगळाच आहे. आयनोटिफायला प्रत्येक उपफोल्डरवर स्वतंत्र वॉच (पहारा) लावावा लागतो, आणि जुन्या कर्नलात मुळात मर्यादा ८,१९२. जावास्क्रिप्ट प्रकल्पातलं नोड मॉड्यूल्स फोल्डरच ती खाऊन टाकतं. मग एरर काय येतो? "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस"! आमच्या नव्या पोरानं दोन तास डिस्क रिकामी केली, डॉकर इमेजेस उडवल्या. डिस्क अर्धी मोकळीच होती.

सदाशिवपेठी: मॅन पेजमध्ये (लिनक्सच्या मदतपुस्तिकेत) स्पष्ट लिहिलंय. वाचायचं नाही आणि कर्नलला शिव्या द्यायच्या. कर्नल ५.११ पासून मर्यादा रॅमप्रमाणे वाढते.

आठहजारी: अहो, रात्री दोन वाजता सर्व्हर पडलेला असताना मॅन पेज कोण उघडतं? मर्यादा वाढली, एरर तोच राहिला. त्या पोराला सगळ्यांसमोर बोलणी बसली, चूक त्याची नव्हती.

रात्रपाळी: याबाबत आठहजारींना शंभर टक्के पाठिंबा. माझाही एक शनिवार याच एररनं खाल्ला.

सदाशिवपेठी: ठीक, संदेश वाईट आहे. पण फोल्डरच्या झाडाखालचं सगळं कर्नलनं पाहावं ही मागणी सोपी नाही. वॉच आयनोडवर, म्हणजे फाइलच्या अंतर्गत नोंदीवर, बसतो. हार्डलिंकमुळे एका आयनोडला दोन पत्ते असू शकतात. आयनोटिफायचा भाऊबंद फॅनोटिफाय कर्नल ४.२० पासून अख्खी फाइलसिस्टीम पाहतं, ५.१ पासून नवी फाइल, डिलीट, रिनेमही कळवतं. पण अख्खी फाइलसिस्टीम पाहायला रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार हवेत.

कोथरूडकर: मॅकवर याच कामाचं एफएसइव्हेंट्स मुळात "या फोल्डरात काहीतरी झालं" एवढंच सांगतं आणि नोंद डिस्कवर ठेवतं. तेवढंच फोल्डर चाळायचं.

रात्रपाळी: एवढं मान्य. पण ओव्हरफ्लोनंतर पूर्ण चाळणी कोडमध्ये दिसली नाही, तर रिव्ह्यू मी पास करणार नाही.

आठहजारी: आणि त्या एररचं काय?