मुलाला वजाबाकी येत नाही – मदत हवी आहे

पेडणेकरीण: मुलाला वजाबाकी जमतच नाहीये. रोज रात्री रडारड. सोमवारी चाचणी आहे, कोणीतरी लवकर सांगा.

कुळागर: कितवीत? माध्यम? नेमकं काय चुकतं? एवढ्यावरून काय डोंबल सांगणार!

डिचोलीची_आजी: पाढे पाठ करून घे गो. आमच्यात दिवेलागणीला परवचा व्हायचा, पावकी-निमकीसकट. क्लास नव्हते, काही नव्हतं.

कुळागर: आजी, ती वजाबाकीचं विचारतेय.

सुटे_पैसे: अबॅकस लावा. माझी मुलगी आता बोटांवर करते सगळं.

पेडणेकरीण: दुसरीत आहे, इंग्रजी माध्यम. 52 - 27 = 35 लिहितो!! अबॅकस सोमवारच्या आत येणार का?

सत्तरीचा_मास्तर: 35 लिहितो म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून उलट सातातून दोन काढतो. वजाबाकी येते त्याला, दशक सुटा करायचा असतो हे पोचलेलं नाही. 63 - 28 देऊन बघा, 45 आलं तर नक्की हेच. वही बाजूला ठेवा, दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये हातात द्या आणि 27 मागा. नोट मोडल्याशिवाय सुटकाच नाही. आणि घाबरू नका, 99 पर्यंतची वजाबाकी दुसरी संपेपर्यंत यावी असंच केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे.

म्हापशेकर: इंग्रजी माध्यम म्हटलं तिथंच कळलं. 2011 मध्ये गोवा सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं, आता भोगा.

कुळागर: झालं सुरू! मराठीत काय सगळं सरळ? 2019 ला महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर 'वीस सात' छापलं तर केवढा गदारोळ झाला.

म्हापशेकर: ते महाराष्ट्रात. इथं काय संबंध?

कुळागर: आणि अनुदानाचा वजाबाकीशी?

पेडणेकरीण: भांडा नंतर. 45च आलं! नोटा दिल्या तर एक माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मोडून दे." 25 उरले, बरोबर. वहीत परत 35.

सत्तरीचा_मास्तर: घरी तुम्ही कसं शिकवता?

पेडणेकरीण: कसं म्हणजे? वर बारा करायचे, हातचा एक खालच्या दोनात मिळवायचा, तीन. पाचातून तीन गेले, दोन. उत्तर येतं ना बरोबर?

सत्तरीचा_मास्तर: येतं. पण शाळेत बहुधा वरचे पाच कापून चार करायला लावतात. तुम्ही खाली एक वाढवता, शाळा वर एक कमी करते. पोर कंटाळून सोपं तेच लिहितं. सोमवारपर्यंत तुमचा हातचा बंद. नोटांचा खेळ चालू असतानाच शेजारी वहीत लिहू दे: नोट मोडली की पाच कापायचे, वर चार.

पेडणेकरीण: शाळेच्या वहीत बघितलं, पाच कापलेलेच आहेत. आज तसंच करते.

सुटे_पैसे: अबॅकसचा पत्ता हवा असेल तर मेसेज करा.