[सभासद-चर्चा] गरोदरपणातील मालीश : कुणाकडून, केव्हा, किती?

प्रेषक : एक सभासद, सनीवेल

सर्वांना स.न.वि.वि.

मला अठ्ठाविसावा आठवडा सुरू आहे. दिवसभर संगणकासमोर बसून कंबर धरते आणि रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात की झोपमोड होते. पुढच्या महिन्यात आई साताऱ्याहून येत असून, चंदनबलालाक्षादी तेलाची बाटली तिने आतापासूनच सामानात बांधून ठेवली आहे. फ्रीमाँटमध्ये बाळ-बाळंतिणीचे मालीश करणाऱ्या एक मावशी आहेत, त्याही लगेच यायला तयार आहेत. उलट सासूबाईंचे म्हणणे असे की पोटुशी बाईच्या अंगाला तेल चोळूच नये. डॉक्टरांना विचारले, तर त्यांनी ‘हरकत नाही’ एवढेच उत्तर दिले. मंडळातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक : एक सभासद (फिजिओथेरपिस्ट), सॅन होजे

सप्रेम नमस्कार,

आपल्या सासूबाईंच्या सावधगिरीमागे एक कारण आहे. आपल्याकडे अंगाला तेल लावण्याची जी पक्की परंपरा आहे, ती मुख्यतः बाळंतपणानंतरची. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही प्रसूतीनंतर पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या वस्त्राने बांधावे असे सांगितले आहे, आणि शेक-शेगडीसह ती पद्धत आपल्या घरांत अजून टिकून आहे. अडचण अशी की बाळंतिणीला रगडणारा हात तोच जोर गरोदर बाईवरही लावतो. मावशींना बोलवायला हरकत नाही, पण पहिल्याच दिवशी त्यांना हा फरक स्पष्ट सांगावा लागेल. आणि ‘चाळीस वर्षे हेच करते आहे’ असे उत्तर आले तर प्रसूती होईपर्यंत त्यांना थांबवलेले बरे.

फायद्याबद्दल अवास्तव अपेक्षा नसाव्यात. मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटे मालीश घेतलेल्या गरोदर स्त्रियांची चिंता व पाठदुखी कमी झाली आणि झोप सुधारली. मात्र त्यात जेमतेम सव्वीस स्त्रिया होत्या. म्हणून ‘मालिशाने बाळंतपण सुकर होते’ अशी हमी कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. कंबर सैल होणे आणि रात्री डोळा लागणे, एवढा लाभ मात्र बऱ्याच जणींना होतो.

आता सुरक्षिततेविषयी. पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. त्यामुळे रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते आणि बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. म्हणून कुशीवर झोपावे, शक्यतो डाव्या. एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पायांमध्ये आणि एक पाठीशी घ्यावी. पोटासाठी भोक ठेवलेली टेबले दिसायला सोयीची असली, तरी त्यांवर पोट लोंबकळते आणि आधीच ताणलेल्या बंधांवर आणखी ताण येतो. मी ती टाळते.

खरी जपण्याची जागा म्हणजे पाय. प्रसूतीच्या वेळी फार रक्त वाहू नये म्हणून या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढलेली असते, आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट असतो. अशी गुठळी बहुधा डाव्या पायात होते. एकच पाय सुजला, गरम किंवा लालसर झाला, पोटरी दाबल्यावर दुखली, तर तो चोळायचा नाही, थेट डॉक्टरांना दाखवायचा. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर घोट्याकडून वर, हलक्या तळहाताने हात फिरवावा. मांडीच्या आतल्या बाजूला अंगठ्याने खोल दाब मुळीच देऊ नये. रात्री गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे स्वतःकडे ओढावीत, त्याने तो लवकर सुटतो.

चेहरा व हात अचानक सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, रक्तस्राव, वार (प्लेसेंटा) खाली असणे, वेळेआधी कळा येणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मालीश नको. तेल साधे तिळाचे किंवा खोबरेल पुरते. आईंच्या बाटलीवरील घटक डॉक्टरांना दाखवावेत, कापूर असलेले तेल टाळावे, आणि मालिशानंतरचा वाफारा तर नकोच.

कॅलिफोर्नियात मालीश करणाऱ्यांसाठी राज्याचा सक्तीचा परवाना नाही; पाचशे तासांच्या शिक्षणावर मिळणारे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. तेव्हा ते आहे का आणि गरोदर स्त्रियांचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे दोन्ही विचारावे. पहिल्या तिमाहीत अनेक स्पा नकार देतात, तो बव्हंशी कोर्टकचेरीच्या धास्तीने. हलक्या मालिशाने गर्भपात होतो असा पुरावा नाही.

प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद, क्युपर्टिनो

आमच्या गावी बाळ आडवे असल्यास सुईण पोट चोळून ते फिरवत असे. ते आजही करता येते काय? आणि नवव्या महिन्यात तेलाचा उपयोग सांगतात, तो कोणता?

प्रेषक : एक सभासद (फिजिओथेरपिस्ट), सॅन होजे

काकू, पोट चोळून बाळ फिरवणे घरी कदापि करू नये; वार सुटून आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर साधारण सदतिसाव्या आठवड्यात रुग्णालयात, सोनोग्राफी करून आणि बाळाचे ठोके पाहत, डॉक्टर ते बाहेरून फिरवून पाहतात. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर तिची सोय तिथे हाताशी असते. तरीही सुमारे निम्म्याच वेळा यश येते.

नवव्या महिन्यासाठी चरकाने तेलाची बस्ती (एनिमा) व पिचू (योनिमार्गात ठेवायचा तेलात भिजवलेला बोळा) सांगितला आहे, पण तो वैद्याच्या देखरेखीखालचा उपचार आहे. आज ज्याला चांगला आधार आहे ते म्हणजे योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधल्या भागाचे मालीश. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदा, हात स्वच्छ धुऊन ते स्वतःच करता येते. पहिलटकरणींमध्ये त्याने टाके पडण्याचे प्रमाण काहीसे घटते, असे वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आढळले आहे. सनीवेलच्या ताईंनी पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून त्याची कृती समजावून घ्यावी, आणि पोटऱ्यांतल्या गोळ्यांविषयीही त्याच वेळी सांगावे.